रिकामी टाकी, पाच गोणपाटं

पेट्रोल पंपावर मी कधी हसलोय असं मला आठवत नाही. दराचा तो बोर्ड लांबून दिसला तरी माझं डोकं फिरतं. नळी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला मी हटकून विचारतो, "काय हो, आज किती वाढवलंत?" जसं काही रात्री त्यानेच घरी बसून दर ठरवला. तो बिचारा कसनुसं हसतो आणि माझा पारा आणखी चढतो. बायको म्हणते, तुमच्या गाडीत कमी आणि डोक्यात जास्त पेट्रोल जळतं. तिच्याशी या विषयावर वाद घालणं मी सोडून दिलंय.

या रागावर आमच्या भागात एक घरगुती औषध आहे. डहाणू-तलासरीकडच्या कुठल्याही गाडीवाल्याला टाकी कधी भरणार म्हणून विचारा, तो म्हणेल, "पलीकडे भरू." पलीकडे म्हणजे गुजरातेत. अच्छाडचा नाका ओलांडून थोडं पुढे गेलं की तेच पेट्रोल स्वस्त. त्यामागे कुठला कर आणि कुणाचं धोरण ते वर्तमानपत्रांत येतं, मी वाचतोही, आणि वाचून पुन्हा चिडतो. इकडच्या पंपावर आम्ही अगदीच नाइलाज झाला तर जातो, आणि गेलो तरी शंभराचं टाकून निघतो, नको असलेल्या पाहुण्याने नुसता चहा घेऊन उठावं तसे. टाकीचा काटा तळाला टेकलेला ठेवून सीमेपलीकडे पोचणं ही आमच्याकडे हुशारी समजली जाते. लोक ती एकमेकांना सांगतात.

मी डहाणूत राहतो आणि तलासरीच्या एका सरकारी कार्यालयात कामाला आहे. गाडीत आम्ही तिघं असतो. आमच्या शाखेतल्या एक मॅडम, ज्यांच्या रुमालाला कायम अत्तराचा वास असतो आणि ज्यांना बाकी कुठलाच वास चालत नाही. आणि निवृत्तीला टेकलेले, कडक इस्त्रीतले आमचे भाऊसाहेब. पेट्रोल तिघांत वाटून. दर आठवड्याला तलासरीच्या बाजाराच्या दिवशी ऑफिस सुटलं की आम्ही डहाणूकडे वळण्याऐवजी उलट्या दिशेने अच्छाडकडे निघायचो. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत पलीकडच्या पंपावर जायचं, तिथला माणूस "झीरो जोजो, साहेब" म्हणाला की डोळे फाडून झीरो बघायचा, टाकी काठोकाठ भरून घ्यायची. येताना धाब्यावर चहा आणि भजी. जाण्या-येण्याचं पेट्रोल आणि भजी धरली तर नक्की काय वाचतं, हे एकदा मॅडमनी विचारलं होतं. सगळ्यात जास्त भजी खाणाऱ्या भाऊसाहेबांनीच त्यांना फायदा समजावून सांगितला.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यासाठीच लिहायला बसलोय.

आई समुद्रकाठच्या वरोरला राहते. वडील गेले, होडी चुलतभावाकडे गेली, पण आईचं मासे सुकवणं आणि विकणं काही थांबलं नाही. मी कितीदा म्हटलं, आता डहाणूला ये, आराम कर. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की आराम हा शब्द मी तिच्यासमोर पुन्हा काढला नाही. तिच्या अंगणातल्या बांबूच्या वलांडीवर अजूनही बोंबील लटकत असतात आणि कावळ्यांना ती घरातूनच शिव्या घालते. त्या शिव्या ऐकल्या की पेट्रोल पंपावरचा माझा राग कुठून आला ते कळतं.

तलासरीच्या आठवडी बाजारात तिची बसायची जागा आहे. आधी तिच्या सासूची होती. रांगेत शेजारी वरोरच्याच आणखी चौघी बसतात, पाचही गोणपाटं एकमेकांना लागून. या जागा कुणाच्या नावावर नाहीत. जो बसतो त्याची जागा, एवढाच बाजाराचा कायदा. दोन बाजार कुणी आलं नाही तर लोक समजून घेतात, आजारपण असेल, मयत झालं असेल. तिसऱ्या बाजारालाही जागा रिकामी दिसली की दुसरा कुणीतरी येऊन बसतो, आणि मग त्याच्याशी भांडायला जायचं नसतं. नुसतं गोणपाट पसरून वर दगड ठेवलेला चालत नाही. माणूस बसायला लागतो.

पाचजणी मिळून एक टेम्पो करायच्या. टेम्पोवाला भला माणूस होता. डिझेल वाढलं तसं त्याचं भाडं वाढत गेलं, आधी थोडं, मग जरा जास्त, आणि एके दिवशी त्याने आईसमोर हात जोडले. "मावशी, एवढं भाडं तुमच्याकडून घ्यायची लाज वाटते आणि कमी घेतलं तर मला परवडत नाही." दुसऱ्या दिवसापासून त्याने टेम्पो एका कारखान्याच्या मालाला लावला. एसटीत सुक्या माशाच्या टोपल्या घेत नाहीत, आणि नुसतं जागेवर बसायला जायचं म्हटलं तरी ती बाजार उठायच्या वेळी पोचते. दुसरा टेम्पोवाला परवडत नव्हता. असे दोन बाजार गेले.

आणि दिवस उन्हाळा संपत आल्याचे. डोंगरपाड्यांवरची माणसं पावसाळ्यासाठी सुके बोंबील, जवळा, वाकट्या भरून ठेवतात ते याच दिवसांत. मोसमातल्या अशा चार बाजारांवर त्या पाच घरांचं पावसाळ्यातलं चूल पेटणं अवलंबून असतं, कारण पावसात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तिसरा बाजार चुकला असता तर ऐन मोसमात जागा गेली असती.

तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला.

"तुजी गाडी जाते ना तलासरीला?"

"जाते. रोजच जाते."

"मग मी मावेन तिच्यात," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मॅडमना फोन करून भीत भीत सांगितलं की उद्या गाडीत आई असेल आणि तिच्याबरोबर थोडा माल असेल. कसला माल, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आई आहेत म्हटल्यावर आपण काय बोलणार?"

सकाळी डहाणूहून उलटा वरोरला गेलो. आईच्या दारात पाच टोपल्या बांधून तयार, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचं फडकं. चौघी बाजूला उभ्या होत्या. त्यांतली एक काकी, जिचे गुडघे गेलेत आणि जिला या टोपलीखेरीज दुसरी मिळकत नाही, ती आपल्या निळ्या फडक्याची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत होती. मग तिने माझ्या दंडावरून हात फिरवला.

"एका बाईला पाच टोपल्या कशाला?" मी आईला म्हटलं.

"माल पाचजणींचा हाय."

"माल नेशील गं. पण जागा तुझी एकटीचीच वाचेल. पाच ठिकाणी एकदम बसणार आहेस काय?"

"गाडी काढ," आई म्हणाली.

दोन टोपल्या डिकीत गेल्या. डहाणूला आल्यावर एक भाऊसाहेबांच्या पायाशी आणि दोन मागच्या सीटवर, आई आणि मॅडम यांच्या मधोमध. मॅडमनी बसल्या बसल्या रुमाल नाकाला लावला आणि काच खाली केली. भाऊसाहेबांनी मान मागे वळवून विचारलं, "यात सोडे आहेत का हो मावशी?" आईला ते तेव्हाच आवडले असावेत.

चारोटीला हायवेला लागलो. काटा तळाला होता, पण तो नेहमीच तळाला असतो. संध्याकाळी पलीकडे जायचंच होतं. आईचं लक्ष त्या काट्याकडे कसं गेलं कुणास ठाऊक.

"तेल हाय ना रं?"

"आहे. संध्याकाळी पलीकडे भरू."

एक पंप मागे गेला, मग दुसरा गेला. दुसऱ्या पंपाचा बोर्ड बघून मी भाऊसाहेबांना म्हटलं, "बघा, परत वाढवलं," आणि आम्ही दोघांनी मिळून थोडा वेळ राग राग केला. या सगळ्या हिशेबात वरोरची फेरी मी धरलेलीच नव्हती. रोजचा रस्ता माझ्या डोक्यात पक्का बसलेला, आणि त्या रस्त्यात वरोर येत नाही.

धुंदलवाडी मागे पडली आणि गाडीने आचका दिला. मग दुसरा. मग ती हळूहळू कडेला सरकत उभीच राहिली, आणि बाजूने ट्रक भोंगे वाजवत जायला लागले.

त्यानंतर मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरकार, तेलाच्या कंपन्या, गाडीच्या कंपन्या, हायवे बांधणारे, सगळ्यांचा उद्धार केला. टायरला लाथ घातली आणि अंगठा दुखवून घेतला. भाऊसाहेब "हो ना, हो ना" करत होते. हे सगळं चालू असताना आईने डिकी उघडून टोपल्या खाली उतरवल्या, रस्त्याच्या कडेला रांगेत मांडल्या, पदर खोचला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"तुजं झालं का?" तिने विचारलं.

मी अंगठा चोळत बॉनेटला टेकलो.

"तुजा बाप जिता असता तर तुला तांडेल नाय केला असता त्याने," ती म्हणाली. "होडी बंदरातून काढायच्या आदी टाकी बघतात." तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. हे ती चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती हसत होती, आणि मॅडमही रुमालाआडून हसल्या.

बाजार भरायला लागला असणार. आता एखादा माणूस येऊन तिच्या गोणपाटाच्या जागी आपलं काही मांडत असेल, हे मला दिसायला लागलं. माझ्या टाकीपायी तिच्या सासूची जागा जाणार होती. आई मात्र त्या विचाराजवळ थांबलीच नव्हती. येणाऱ्या गाड्यांकडे तिचे डोळे लागले होते. दोन जीपगाड्या टोपल्या बघून थांबल्याच नाहीत. मग चिकूचे रिकामे क्रेट घेऊन एक टेम्पो आला, गुजरातच्या नंबरचा. आई सरळ अर्ध्या रस्त्यात जाऊन उभी राहिली. टेम्पोवाल्याला ब्रेक मारावाच लागला.

"भाई, तलासरी सुधी लई जशो?"

त्याने टोपल्या बघितल्या. "भाडुं?"

"भाडुं नथी," आई म्हणाली, "बुमला छे."

बोंबलाला गुजरातीत बुमला म्हणतात. तो माणूस इतका मोठ्याने हसला की ट्रकच्या आवाजातही ऐकू आलं, आणि खाली उतरून त्याने स्वतः टोपल्या चढवल्या. आईने मॅडमचा हात धरला. "चल बाय, तुजी कचेरी पण तिकडेच ना." मॅडम काही म्हणायच्या आत केबिनमध्ये जाऊन बसल्या होत्या, मांडीवर निळ्या फडक्याची टोपली. भाऊसाहेब मागे क्रेटांच्या मध्ये उभे राहिले, शर्टाची इस्त्री सांभाळत. टेम्पो निघाला आणि हायवेवर मी आणि माझी गाडी उरलो.

बऱ्याच वेळाने एक मोटारसायकलवाला थांबला. त्याच्या गाडीतून थोडं पेट्रोल मागितलं तर तो खजील होऊन म्हणाला, "माज्याकडे पण अच्छाडपर्यंत पोचण्यापुरतंच हाय. पलीकडेच भरतो ना आपण." तरीही त्याने मला मागे बसवून उलटा पंपापर्यंत नेलं, स्वतःचं तेवढं पेट्रोल जाळून. मी त्याच्या टाकीत पेट्रोल टाकून दिलं. त्या पंपावरच्या माणसाने आधी बाटलीत द्यायला नकार दिला, मग माझा अवतार बघून आतून कॅन आणला. दराच्या बोर्डाकडे त्या दिवशी मी बघितलंसुद्धा नाही. मोटारसायकलवाल्याने परत आणून सोडल्यावर गाडी सुरू करून पुन्हा त्याच पंपावर आणली, कॅन परत दिला आणि टाकी पूर्ण भर म्हणून सांगितलं. इकडच्या पंपावर टाकी पूर्ण भरायची माझी ती पहिलीच वेळ.

तलासरीला पोचलो तेव्हा बाजार खच्चून भरला होता. गाडी लावून गर्दीतून रेटत आईच्या रांगेपाशी गेलो. मनाची तयारी करून गेलो होतो.

पाचही गोणपाटं पसरलेली होती. पहिल्यावर आई. दुसऱ्यावर बाह्या वर करून भाऊसाहेब मांडी घालून बसलेले, जवळ्याचं माप भरत गरजेपेक्षा जास्त मोठ्याने ओरडत होते. तिसऱ्यावर मॅडम. अत्तराचा रुमाल कमरेला खोचलेला, समोर बोंबलांचे वाटे, आणि एका आजीबाईंशी त्यांचं जोरात चाललेलं की याच्यापेक्षा मोठा वाटा कुठे मिळणार नाही. चौथ्यावर तो गुजराती टेम्पोवाला, चहा पीत, काही न विकता, पण घट्ट बसलेला.

त्या क्षणी मला आईचा जो अभिमान वाटला तो आजही तसाच आहे. मी पेट्रोलच्या नावाने खडे फोडत होतो तेवढ्या वेळात तिने तीन अनोळखी माणसांना तीन घरांच्या जागांवर नेऊन बसवलं होतं. पाच ठिकाणी एकदम बसणार काय, असं मी तिला सकाळी विचारलं होतं. तिने उत्तर दिलं नव्हतं, कारण ती तेव्हा मोजत असणार, की गाडीत माणसं किती आहेत. चार भरली, पाचवा तिला हायवेवर मिळाला.

पाचवं गोणपाट रिकामं होतं. निळ्या फडक्याची टोपली त्याच्या मागे तशीच बांधलेली. आणि समोर एक प्लास्टिकच्या बादल्यांवाला, बादल्यांची चळत खांद्यावर घेऊन, ती जागा डोळ्यांनी मापत उभा होता. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. आईने मला बघितलं.

"उशीर केलास," ती म्हणाली. "बस."

मी बाजाराकडे नजर टाकली. समोरून आमच्या ऑफिसचा शिपाई येत होता. ज्यांची कामं माझ्या टेबलावर अडकतात असे दोन-चार ओळखीचे चेहरेही होते. पायांत बूट होते. मी बूट काढले आणि काकीच्या गोणपाटावर बसलो.

बादल्यांवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, चळत या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुढे गेला. भांडण नाही, शब्द नाही. बाजाराचा कायदा असाच आहे.

मी फडक्याची गाठ सोडली. काकीने ती इतकी आवळली होती की दातांनी ओढायला लागली. बोंबलांचे वाटे लावले, लहानपणी आईच्या बाजूला बसून लावायचो तसे, डोकी एका बाजूला. हात विसरले नव्हते. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला गर्दीत गाडी ढकलत आला आणि सीटवर बसल्या बसल्या विचारलं, "वाटा कसा?"

मला दर माहीत नव्हता. आईने रांगेच्या त्या टोकावरून ओरडून सांगितला.

"काय हो," तो माणूस मला म्हणाला, "किती वाढवलंत!"

मी कसनुसं हसलो. दुसरं काही करता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"पलीकडे स्वस्त मिळतात," तो म्हणाला. "उंबरगावला."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "मिळत असतील," मी म्हटलं. "जा उंबरगावला. फक्त निघायच्या आधी गाडीची टाकी बघ."

त्याने खाली आपल्या टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बोंबलांकडे. मुकाट गाडी स्टँडला लावली आणि दोन वाटे घेतले.

"आता झाला तांडेल," आई मॅडमना म्हणाली, मला नीट ऐकू यावं एवढ्या मोठ्याने.